नीरेच्या पुलाचा कठडा

तो तपास अजून माझ्या मनातून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. नीरेवर नवा पूल झाला आणि शेजारचा जुना लोखंडी पूल भंगारात निघाला. तोडायला घेणारा ठेकेदार तक्रार अर्ज घेऊन आला: कठड्याचा मधला तुकडा चोरीला गेलाय. पुलाच्या मध्यावर आमची हद्द संपून सोलापूर जिल्हा लागतो, त्यामुळे हद्द कुणाची यातच आमची एक दुपार खर्ची पडली. भंगारवाले पालथे घातले, पुलावरच्या रात्रीच्या रखवालदाराला खोदून खोदून विचारलं. हाती काही लागलं नाही.

खंडेनवमीला आम्ही ठाण्यात बंदुकांना हळदकुंकू वाहत होतो. घरोघरचं दूध गोळा करणारा आमचा खबऱ्या प्रसाद खाता खाता म्हणाला, "सायेब, आबांनी यंदा कोयता-नांगराशेजारी पुलाचा कठडा पुजलाय!"

आबा म्हणजे नदीकाठचे एक वयस्कर बागायतदार. ठेकेदाराला घेऊन गेलो. ओसरीवर तो तुकडा झेंडूची माळ घालून ऐटीत उभा. चोर माल लपवतो. या गृहस्थाने मांडून ठेवला होता. हसू दाबून मी दरडावलं, "आबा, हा कुठून आणला?"

"पुलावरनंच. भर दुपारी पाना घिऊन खोलला. खोटं कशापायी बोलू?"

"पण कशासाठी?"

आबा माळेतला कलता झेंडू सरळ करू लागले. आतून आजी आल्या. "माझं म्हायेर पल्याड हाय, सायेब. लगीन हून येताना पुलावर गाडी थांबवली, नदीची ओटी भरली, अन् हा कठडा धरून रडाय लागले. काय केल्या सोडंना. हे उतरलं. बोललं काय न्हाईत, नुसतं माझ्याशेजारी कठड्याला हात लावून हुबं ऱ्हायलं. मग मी गाडीत बसले." मग आबांकडे वळून, "तरी म्हनलं हुतं, इचारून आणा!"

आबा म्हणाले, "मला न्या सायेब, पर ह्यो हितं ऱ्हाऊ द्या."

गुन्हा अजून दाखल नव्हता, पण अर्ज ठेकेदाराचा होता. त्याच्याकडे पाहिलं, तर तो पायरीखाली चपला काढत होता. "कुंकू लागलेलं लोखंड भट्टीत घालू व्हय? अर्ज मागं घेतो, सायेब."

चोरीची कारणं मी आयुष्यभर ऐकली. असं कारण मात्र पहिल्यांदाच. तेव्हापासून 'कुठं लपवलंस' याच्या आधी 'कशाला घेतलंस' हे विचारू लागलो, आणि त्याचा फायदाच झाला.

दसऱ्याला सोनं द्यायला मी आजही त्या घरी जातो. कठडा आता ओसरीच्या पायरीला पक्का बसवलाय. आजींचे गुडघे दुखतात; त्या त्यालाच धरून उतरतात, आणि आबा शेजारी हात लावून उभे असतात.