मारातून निघालेल्या बाईला घर नको, असं मी लिहिलं होतं

बारा वर्षं मी सुरतेतल्या एका मराठी साप्ताहिकात राजकारणावर सदर लिहिलं. दिवसा मिलमध्ये कापडाचे रंग तपासायचे, शनिवारी लेख. आम्ही जालन्याकडचे कॅथलिक. वाचक बहुतेक खानदेशातले हिंदू. तरी जमलं. गर्भपात, झटपट घटस्फोट, घरात डोकावणारं सरकार, या सगळ्यांच्या विरोधात मी लिहायचो. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणायचं, "भाऊ, चर्चमध्ये जाता, पण लिहिता आमच्या मनातलं." ते मला फार आवडायचं.

गेल्या वर्षी एका संस्थेला सुरतेच्या नवागाम भागात नवऱ्याच्या मारातून निघालेल्या बायकांसाठी निवारा काढायचा होता. मी लागोपाठ तीन लेख लिहिले. लग्न हा संस्कार आहे. अशा जागा म्हणजे घर मोडायचं आमंत्रण. निवडणूक जवळ होती. एका उमेदवाराने लेखांच्या झेरॉक्स वाटल्या आणि घरमालकाने संस्थेला खोल्या नाकारल्या. मी जिंकलो होतो.

मग ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका रविवारी चर्चमधल्या मिस्साहून, म्हणजे प्रार्थनेहून परतलो, तर धाकटी बहीण पायरीवर बसलेली. ती बमरोलीला राहते, नवरा हजीऱ्याच्या कारखान्यात फिटर आहे. उजवा हात ओढणीत गुंडाळलेला.

"कधीपासून?"

"चार वर्षं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुला काय सांगणार, दादा? मारून झालं की ते तुझेच लेख वाचून दाखवायचे."

बायको तिला प्लास्टर घालायला घेऊन गेली. मी फादरांकडे धावलो. माझे लेख ते नेमाने वाचत.

"चर्च लग्न मोडत नाही, खरं," ते म्हणाले. "पण जिवाला धोका असेल तर वेगळं राहायची मुभा चर्चच्या कायद्यातच आहे. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

नव्हतं. चर्चच्या नावाने लिहिताना मी ते कधी विचारलंच नव्हतं. वेगळं राहणं आणि लग्न मोडणं एकच, असं धरून चाललो होतो.

"मग तेव्हाच का नाही बोललात, फादर?"

"लोक खूश होते," ते खाली बघत म्हणाले.

पाच वाजता बहिणीचा नवरा आपल्या मोठ्या भावाला घेऊन दारात आला. बहीण आतल्या खोलीत होती. शेजारी गॅलरीत जमले.

"मेव्हणे, पाठवा तिला."

"दाजी, ती येणार नाही."

त्याने खिशातून कात्रण काढलं आणि मोठ्याने वाचायला लागला. माझीच वाक्यं. कुणीतरी हसलं.

"बोला ना लेखकसाहेब! लोकांच्या बायकांनी मुकाट नांदायचं, आन् तुमची बहीण स्पेशल?"

प्रश्न खरा होता. मारणाऱ्याने विचारला म्हणून तो खोटा होत नव्हता.

"चुकीचं लिहिलं," मी म्हणालो. मग गॅलरीकडे वळून मोठ्याने म्हणालो. "सगळ्यांच्याच बाबतीत चुकीचं लिहिलं."

"मग छापा तसं!"

"छापतो. पण ती इथेच राहील."

त्याने उंबऱ्याच्या आत पाय टाकला. मी चौकट दोन्ही हातांनी धरली. मागून बहिणीचा आवाज आला, "दादा, मी पोलिसांना फोन लावलाय." मोठ्या भावाने त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं. "चल रे, शोभा झाली तेवढी पुरे."

मी चूक झाल्याची कबुली लिहिली. संपादकांनी ती छापली आणि सदर बंद केलं. तो अंक घेऊन मी संस्थेत गेलो. तिथल्या बाईंनी तो न उघडताच बाजूला ठेवला.

"जागा नव्हती म्हणून आम्ही बायकांना परत पाठवलं. त्या आज कुठे आहेत, आम्हाला माहीत नाही. लेख नका देऊ, खोल्या शोधून द्या."

दुसऱ्या दिवशी मी नवागामला निघालो. प्लास्टरमधला हात सावरत बहीणही चप्पल घालायला लागली.

"घरमालकांशी मी बोलते," ती म्हणाली. "तुझं त्यांनी खूप ऐकलंय."