सकाळी चिरलेलं डांगर

भुताखेतांच्या गोष्टी मी ऐकूनही घेत नाही. म्हाताऱ्या माणसांत काम करायचं तर तसलं मनाला लावून चालत नाही... रात्री दार वाजलं तर वारा, आणि वारा नसेल तर कोणाला तरी लघवीला न्यायचं असतं. तेव्हा पुढचं वाचून मला कोणी भोळी ठरवू नये.

नगरहून पारनेरकडे जाताना आमचं ख्रिस्ती वृद्धांचं घर लागतं. मी तिथली मेट्रन. बहात्तरच्या दुष्काळात आमची विहीर आटली. ती खोल करण्यापुरते पैसे जमले नाहीत तर घर बंद करून सगळ्यांना नातेवाइकांकडे पाठवायचं, असं कमिटीने ठरवलं. सगुणाबाईंना नातेवाईकच नव्हते. खर्ड्याहून आल्या तेव्हा एक ट्रंक आणि अधू डोळे, एवढंच बरोबर होतं.

भिस्त होती वर्धापनदिनाच्या लिलावावर. आमच्याकडची रीत अशी, की बोली लावून वस्तू घेतली तरी घरी न्यायची नाही— "देवाला परत" म्हणून पुन्हा टेबलावर ठेवायची. एकच कोंबडा दिवसभर विकला जातो. पण त्या वर्षी लोकांकडे आणायलाच काही नव्हतं. आमच्याकडे होतं सगुणाबाईंनी भांड्यांच्या पाण्यावर वाढवलेलं एक डांगर. कोवळं असताना त्यांनी त्यावर केसांच्या आकड्याने क्रूस ओरखडला होता. डांगर वाढलं तसा तोही रुंद, खरखरीत झाला.

लिलावाला डांगर पारनेरची मंडळी आणणार, असा निरोप होता. म्हणून त्या दिवशी सकाळी पाहुण्यांच्या जेवणाला भाजी कमी पडतेय म्हटल्यावर आमचं मी चिरलं. बिया सुपात वाळत घातल्या, साली शेळीने खाल्ल्या. पाहुणे जेवले. नंतर पारनेरचे लोक आले ते हात हलवत.

"आमी म्हटलं, तुमचं हाय की," त्यांच्यातले एक आजोबा म्हणाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. बाहेर पेटीवर भजन चाललं होतं, आणि ते पाण्याखालून यावं तसं ऐकू येत होतं. ऊन पांढरं झालं होतं. मग लिलाव पुकारणाऱ्या थोमासमास्तरांचा आवाज आला, "हे डांगर. बोला."

मी बाहेर गेले. टेबलावर डांगर होतं. अख्खं. वर तोच क्रूस.

बोली लागली, डांगर परत आलं. पुन्हा लागली, पुन्हा परत. कोणी ओरडत नव्हतं, घाई करत नव्हतं. अर्धवट झोपेत हसावं तशी माणसं हसत होती. दुष्काळी कामावरच्या एका बाईने आठवड्याची मजुरी दिली आणि डांगर मांडीवर घेऊन बसली, मग सावकाश उठून परत ठेवलं. मीही हात लावला. थंड होतं, नुकतं पाणी दिल्यासारखं. मागे जाऊन पाहिलं तर सुपात बिया तशाच.

ऊन उतरलं तेव्हा टेबलावर नुसती चादर होती. डांगर कोणी आणलं, कोणी नेलं— ज्याला विचारावं तो शेजाऱ्याकडे बोट दाखवायचा. विहिरीपुरते पैसे मात्र जमले होते.

संध्याकाळी सगुणाबाईंच्या खाटेवर जाऊन बसले. "बाई, तुमचं डांगर मी सकाळीच चिरलं होतं."

"ठावं हाय. भाजी खाल्ली न्हवं का मी? मीठ कमी हुतं."

"मग टेबलावर काय होतं?"

"आता मला काय इचारती? डोळं तुला हायती."

विहिरीला पाणी लागलं. सगुणाबाई अजून त्याच खाटेवर आहेत आणि मिठाबद्दल तक्रार करतात. त्या दिवसाचा उलगडा मला होत नाही, आता मी प्रयत्नही सोडलाय. सुपातल्या बिया यंदा लावल्या. साधी डांगरं आली, क्रूस-बिस काही नाही... तरी चिरायला घेण्याआधी मी एकदा बाहेर जाऊन टेबल बघून येते.