वीस डॉलरवरच्या सुरकुत्या

कोणी काय जमवावं याला काही धरबंध नसतो. पण एकाच बाईचं म्हातारं होणं जमवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे याउ वाय-शेउंग.

हाँगकाँगच्या कौलून भागात एका जुन्या आर्केडमध्ये दुसऱ्या मजल्यावर माझं पोस्टाच्या तिकिटांचं दुकान, आणि त्याला लागून त्यांचं जुन्या नोटांचं. दुकान म्हणजे काय, आत दोघं बसले तर तिसऱ्याने श्वास बाहेर जाऊन घ्यावा. माझ्या नवऱ्याचे ते मित्र. नवरा गेल्यावर दुकान मी चालवायला लागले, पण नातं तेच राहिलं. मी त्यांना भावजी म्हणते, ते मला वहिनी.

सगळे लोक नोटा देशावार लावतात. भावजी चेहऱ्याच्या वयावार लावत. पहिल्या पानावर कॅनडाची एक फाटक्या कोपऱ्याची नोट, तिच्यावर आठ वर्षांची कुरळ्या केसांची राजकन्या. मग तीच इंग्लंडची राणी झालेली, तरुण. फिजी, मॉरिशस, बर्म्युडा, आमच्याच हाँगकाँगची बोटभर एक सेंटची नोट, मागून कोरी. पानं उलटत जावं तसे गाल उतरत, केस पिकत. शेवटच्या पानापर्यंत बाई आजी झालेली. मी कोल्हापूरहून जॉर्ज राजाचा कागदी रुपया आणून दिला, तर तो 'राजे' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये गेला आणि पुन्हा दिसला नाही. पुरुषांच्या म्हातारपणात त्यांना रस नव्हता.

"भावजी, एवढं निरखून एखाद्या खऱ्या बाईकडे बघितलं असतंत तर आज नातवंडं असती," मी म्हणायची.

"खरी बाई भिंगाखाली गप्प बसत नाही, वहिनी," ते म्हणायचे.

भावजींनी लग्न केलं नाही. आई-बाप लवकर गेले, धाकटी बहीण लाय-फान हिला यांनीच वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. एकोणनव्वद साली, हाँगकाँग चीनकडे जाणार या धास्तीने अर्धं शहर कॅनडाला निघालं, तशी तीही नवऱ्याबरोबर निघाली. भावजी विमानतळावर गेले नाहीत. दुकान उघडून बसले. माझा नवरा समजूत घालायला गेला, तर त्याला एका नोटेचा वॉटरमार्क तासभर समजावून सांगितला. हा माणूस रागावला की असा रागवायचा.

पण इकडे चिनी नव्या वर्षाला लग्न झालेल्याने लग्न न झालेल्याला लाल पाकीट द्यायचं असतं, मग समोरचा सत्तरीचा का असेना. लाय-फान दरवर्षी टोरांटोहून पाकीट पाठवायची. आत वीस कॅनडियन डॉलरची कोरी नोट, राणीचीच, दुसरं काही नाही. ती काही पत्रं लिहिणारी बाई नव्हती, आणि हे काही उत्तर देणारे नव्हते. पाकीट आलं की भावजी चिमट्याने नोट काढत, भिंग लावत, "नंबर छान आहे" एवढं म्हणत आणि अल्बममध्ये सरकवत.

चौऱ्याण्णव सालच्या नोटेवर तिने बॉलपेनने दोन ओळी लिहिल्या. भावजींचा थयथयाट अख्ख्या मजल्याने ऐकला. एरवी परदेशी फोनचे पैसे वाचवणाऱ्या माणसाने टोरांटोला फोन लावला, तोही ओरडायला.

"वीस वर्षं माझ्या घरात राहिलीस आणि नोटेवर शाई? वाटोळं केलंस तिचं!"

ती पलीकडून काय म्हणाली कोण जाणे. पुढच्या वर्षापासून ती पेन्सिलीने लिहायला लागली, अगदी हलक्या हाताने, कडेच्या पांढऱ्या पट्टीत. भावजी मऊ खोडरबरने ते पुसून काढत, मग दोन काचांमध्ये नोट ठेवून वर लोखंडी वजन. आठ दिवसांनी नोट अशी निघे की छापखान्यातून आत्ताच आली.

"अहो, वाचा तरी आधी," मी एकदा म्हटलं.

"काय वाचायचं? नव्या वर्षाच्या शुभेच्छा, दुसरं काय असणार?"

अशा सतरा नोटा पुसल्या.

दोन हजार अकराच्या डिसेंबरात तिच्या मुलीचा फोन आला. लाय-फान झोपेतच गेली. भावजींनी फोन ठेवला, शटर वर केलं आणि दिवसभर बसून राहिले. जानेवारीत नवं वर्ष आलं. सगळ्या मजल्यावर संत्र्यांची झाडं, लाल कागद. पोस्टमन आला, माझ्याकडे दोन पत्रं टाकून गेला. भावजी त्याच्या पाठीकडे जिना संपेपर्यंत बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. टेबलावर त्या सतरा नोटा मांडलेल्या. पुसलेली, दुरुस्त केलेली नोट ओळखायला आमच्या धंद्यात दिवा आडवा धरतात. पेन्सिलीचा नुसता दाब असला तरी सावली पडते. भावजी एकेक नोट तिरकी करून बघत होते.

"वहिनी, तुमचे डोळे तरुण आहेत. काही दिसतंय?"

मला काहीच दिसेना. एवढी काचांखाली दाबून काढलेली, सगळा कागद सपाट. आयुष्यात काम चोख केलं त्याची ही शिक्षा.

"तिचं अक्षर मुलीकडे ढीगभर असेल," ते म्हणाले. "पण मला 'दादा' म्हणून लिहिलेलं हेच होतं. एक शब्द मिळाला तरी पुरे. हा सगळा अल्बम देऊन टाकीन."

"आणि ती शाईची नोट? तिच्यावर काय होतं?"

"आठवत नाही. शाई निळी होती, एवढं आठवतं." मग जरा थांबून म्हणाले, "ती तुम्हालाच विकली नाही का? अर्ध्या किमतीत. तुमचा भाचा टोरांटोला चालला होता, तिकडे चालेल म्हणून."

ती नोट कोणाची, ते मी साफ विसरून गेले होते. भाचा कुठला जातोय! व्हिसाच मिळाला नाही त्याला. दळभद्री आहे म्हणून मी त्याला नाही नाही ते बोलले होते. नोट मात्र मी जपून ठेवली होती, देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या डबीखाली, घडी करून. तिच्यावरचं लिहिलेलं मी अठरा वर्षांत कितीदा पाहिलं असेल. पण मला इथली भाषा भांडण्यापुरती बोलता येते, वाचता येत नाही.

घरी जाऊन नोट घेऊन आले. दुःखाच्या घरी लाल पाकीट देऊ नये म्हणतात, पण ही नोट आली होती तीही लाल पाकिटातूनच. पाकिटात घातली आणि दोन्ही हातांनी भावजींपुढे धरली.

"नवं वर्ष सुखाचं जावो. लग्न केलं नाहीत, तेव्हा घ्या मुकाट्याने."

त्यांनी पाकीट घेतलं आणि खिशात घालायला लागले. देणाऱ्यासमोर उघडणं इथे असभ्य.

"उघडा! आत्ताच्या आत्ता!" मी ओरडले.

त्यांनी उघडलं. चिमटा जवळच पडला होता, पण त्यांनी नोट बोटांनीच काढली. घडीवर कुंकू सांडलं होतं, तेही पुसलं नाही. ओठ हलवत वाचलं. मग मला वाचून दाखवलं, एकेक शब्द सुटा करून.

"दादा, या बाईच्या सुरकुत्या तू भिंगातून मोजतोस. मलाही यायला लागल्यात. एकदा ये, बघून जा."

भाच्याला व्हिसाच मिळाला नाही म्हणून नोट घरातच राहिली, हे मी त्यांना सांगितलं. मग ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या भाच्याला व्हिसा मिळाला नाही, फार बरं झालं." आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागले. मला माझ्या नवऱ्याच्या मयतीलाही एवढं रडू आलं नव्हतं, पण त्या दिवशी आलं.

डोळे पुसून त्यांनी त्या सतरा नोटा पुन्हा पुढ्यात ओढल्या.

"मग ह्या सतरांवर काय होतं, वहिनी? मी सतरा वर्षं काय पुसत होतो?"

मी दिवा त्यांच्याजवळ सरकवला.

अजूनही दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते दिवा आडवा लावून एकेक नोट तिरकी धरतात. मीही शेजारी स्टूल ओढून बसते. त्यांच्याकडून मी 'ये' हा एक शब्द कसा लिहितात तेवढा शिकून घेतलाय. शोधायला एकापेक्षा दोघं बरी.