गडद तपकिरी रंग

माझ्यासारख्याने कुणाबद्दल लिहायला बसावं, हे माझं मलाच पटत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. परीक्षेच्या उत्तरांपलीकडे काही लिहिलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. पण ताई काच खिडकीच्या उजेडात धरून एक डोळा मिटायच्या आणि म्हणायच्या, "घाई न्हाई. रंगाला त्याचा वेळ दे." हे कुठेतरी राहावं असं वाटतं.

नांदेडच्या एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्या तंत्रज्ञ होत्या. मी नायगावकडचा, एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तिथे जायचो. विषय होता स्तनाच्या कर्करोगातली प्रथिनं. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला असतो. त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे. प्रथिन भरपूर असेल तर पेशींच्या कडा गडद तपकिरी होतात. जितका रंग गडद, तितका आजार दांडगा; त्यावरून त्या बाईचं पुढे काय होईल याचा डॉक्टर अंदाज बांधतात.

लॅबमधली एकही बाटली ताई वरच्या फळीवर ठेवू देत नसत. औशाकडचं त्यांचं सासरचं घर त्र्याण्णवच्या भूकंपात बसलं, सासूबाई भिंतीखाली गेल्या. मी एकदा हसून म्हणालो, ताई, नांदेडला कुठला भूकंप? त्या हसल्या नाहीत. "आमाला बी असंच वाटायचं," एवढंच म्हणाल्या.

प्रत्येक वेळी रोग्यांच्या काचांबरोबर एक ओळखीचा तुकडाही रंगवावा लागतो. त्यात ते प्रथिन आहे हे आधीच माहीत असतं. तो गडद उमटला तर समजायचं, रंग बरोबर चढला, बाकीच्या काचांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. आमचा तो तुकडा कधी दगा देत नसे. प्रकल्पासाठी जुन्या नोंदी उतरवताना एक दिवस त्याच्या ठोकळ्याचा नंबर माझ्या बोटाखाली आला. समोर ताईंचं नाव होतं.

मी वहीत तोंड घालून बसून राहिलो. त्या कायम डोक्याला रुमाल का बांधतात, उजव्या हाताने जड काही का उचलत नाहीत, ते सगळं एकदम कळलं. त्यांनी माझं बोट कुठे थांबलंय ते पाहिलं.

"जुना तुकडा सरला होता," त्या म्हणाल्या. "डॉक्टरसायबाला इचारूनच लावला. माझ्याइतका गडद दुसऱ्या कुणाचाच न्हाई. आता कामून रडून राहिला? वही भिजंल."

सोलापूरला ऑपरेशन झालं होतं. त्या प्रथिनावरचं औषध तेव्हा आमच्या भागातल्या कुणाच्या आवाक्यात नव्हतं. मुलगी लातूरला अकरावीला होती, खोली घेऊन राहायची, क्लास करायची. साधी गाठ होती, काढून टाकली, एवढंच तिला सांगितलेलं. ताईंना फक्त तिची बारावी व्हायला हवी होती. "पुढचं पुढं," त्या म्हणायच्या.

तेव्हापासून मला भीती लागली. त्यांना थंडीत खोकला आला की मी मोजायचो, किती दिवस झाले. पाठीला हात लावून त्या स्टुलावरून उठल्या की मी ती तारीख वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचो. काचेवर रंग उमटायची वेळ आली की मी नजर वळवायचो. तुकडा गडद यावा, नाहीतर बाकीच्यांचे रिपोर्ट चुकतील. आणि एकदा तरी तो फिका यावा. दोन्ही एकाच वेळी वाटायचं.

प्रबंध लिहून झाला तेव्हा मी तो त्यांच्यापासून लपवला. त्यांनी मागून घेतला. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्या शेवटचं पान वाचत होत्या. मी लिहिलं होतं, ज्यांच्यात हे प्रथिन जास्त, त्यांचा आजार लवकर उलटतो.

"पेन दे," त्या म्हणाल्या. वाक्यातला 'त्यांचा' खोडून त्यांनी वर एक शब्द घातला: 'बहुतेकींचा'.

"सगळ्यांचा न्हाई. तूच मोजलंस ना? ज्या दोघी जगल्या त्या कुठं गेल्या मंग?"

त्या दोघींचे नंबर त्यांना पाठ होते, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

पुढे मला लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचं काम मिळालं. त्या वर्षी गल्लोगल्ली क्लास निघत होते. ताईंची मुलगी माझ्याच बॅचला, दुसऱ्या बाकावर. मी पेशीचा धडा शिकवताना तिच्याकडे बघणं टाळायचो. दिवाळीनंतर एकदा तिने जिन्यात गाठलं. म्हणाली, "सर, आई सुट्टीत सारखी झोपून होती. तुम्ही सोबत काम केलंय. बरी हाय ना ती?"

"हाव," मी म्हणालो. "थकवा असंल."

त्यानंतर मी नांदेडला फोन करणं सोडलं. फोन केला तर कळेल, ही भीती. महिने गेले. कळलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे, अशी मी मनाची समजूत घालत राहिलो. शिकलेला माणूससुद्धा असं करतो, याची आज लाज वाटते.

बारावीचा शेवटचा पेपर जीवशास्त्राचा होता. पेपर कसा गेला ते विचारायला आम्ही क्लासवाले परीक्षा केंद्राबाहेर उभे राहतो, तसा मी गेलो. लिंबाखाली ताईंचे यजमान दिसले. शाळामास्तर, रोज संध्याकाळी स्कूटरवरून ताईंना न्यायला यायचे. आज डोक्यावर नवी कोरी पांढरी टोपी, कपाळापर्यंत ओढलेली. मी नमस्कार केला. टोपीखाली कानामागे केस नव्हते.

अग्नी देणाऱ्याने केस उतरवायचे, अशी त्यांच्याकडे रीत.

"परवा," ते हळू म्हणाले. "तिनंच बजावलं होतं, पेपर संपल्याबिगर पोरीला सांगू नका. दोन दिवस फोनवर म्हणून राहिलो, आई झोपलीया." त्यांनी गेटकडे पाहिलं. "सर, तुमी जरा जवळ थांबा. मला एकट्याला सांगता यायचं न्हाई."

आत घंटा झाली. मुलं बाहेर येऊ लागली. ती पॅड छातीशी धरून मैत्रिणीशी हसत येत होती. तिने वडिलांना पाहिलं, मग टोपीकडे पाहिलं, आणि तिथेच गेटमध्ये थांबली.