नायनांनी काढलेलं अर्धं घर

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीच्या पुढं आमचा प्लॉट आहे. तिथं उभं राहिलं की टॉवेलच्या कारखान्यांची खडखड कानावर येत राहते. त्या प्लॉटवर घर बांधायचं ठरलं तेव्हा इंजिनिअरनं माझ्या हातात एक नकाशा ठेवला. मी शाळेच्या ऑफिसात कारकून आहे, कागद वाचण्यातच माझं आयुष्य चाललंय, पण तो कागद काही मला उलगडेना. त्या रेघोट्यांत माझा ओटा कुठं, दार कुठं आणि भाकरी थापताना मी उभी राहणार कुठं? नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "असेल की कुठंतरी." एवढ्या भरवशावर घर बांधायची माझी तयारी नव्हती. मी दोन दिवस धुसफुसले, तेव्हा त्यानं लॅपटॉपवर घर आखायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून दिलं आणि स्वतः सुटला.

पहिला आठवडा माझं आणि त्या सॉफ्टवेअरचं नुसतं भांडण चाललं होतं. भिंत ओढावी एकीकडं, ती जाऊन चिकटायची भलत्याच भिंतीला. दार बसवलं की ते बाहेरच्या बाजूला उघडायचं. मी हौसेनं दहा बाय बाराची खोली काढली आणि आत पलंग ठेवला, तर तो पलंग कोपऱ्यात काड्यापेटीएवढा दिसायला लागला. बराच वेळ पलंगालाच शिव्या दिल्यावर कळलं की हे बेणं मीटरमध्ये मोजतंय. मी झोपायची खोली म्हणून मंगल कार्यालय बांधून बसले होते! आता ओळखीतलं कुणी घर काढायला बसलं की मी पहिलं हेच सांगते: आधी फूट-इंच लावून घ्या, मग भिंतीला हात लावा.

सामानाची तर आणखी तऱ्हा. न्हाणीत ठेवायचे टब दहा प्रकारचे, शेकोटी आहे, पियानो आहे. सोलापुरात शेकोटी कुणाला लागते? आपल्या घरातलं म्हणावं असं मात्र काही नाही. ओट्याच्या जागी मी लांबडं टेबल ठेवलं आणि त्याला काळा रंग दिला. देव्हारा मिळेना म्हणून चपलांचं कपाट बारीक करून भिंतीवर टांगलं आणि मनातल्या मनात देवाची माफी मागितली. एके दिवशी बॅटरी संपून लॅपटॉप बंद पडला आणि घरातल्या घरात माझं घर गेलं. त्या दिवशी मी स्वयंपाकाला सुट्टी दिली. तेव्हापासून काहीही बदलायच्या आधी आहे त्याची एक प्रत वेगळी ठेवते. 'घर', 'घर नवीन', 'घर नवीन खरं' अशा फायलींची रांग लागली होती.

आणि मग एका संध्याकाळी चुकून एक बटण दाबलं गेलं आणि सगळ्या भिंती उभ्या राहिल्या.

मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. बाणाची कळ दाबली की मी पुढं चालत होते. माझ्या दारातून मी आत गेले, डावीकडं वळले, ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. ज्या जमिनीवर त्या दिवशी सकाळपर्यंत नुसतं गवत आणि फुटक्या विटा होत्या, तिथं माझं स्वयंपाकघर होतं आणि मी त्यात होते! आख्खं लहानपण एका खोलीत काढलेली बाई मी. अंगावर काटा आला, डोळे भरले, आणि नवऱ्यानं काय झालं म्हणून विचारलं तर सांगताच येईना. सांगणार काय, ओट्यापाशी जाऊन आले म्हणून?

पुढं त्यात सूर्यही सापडला. गाव सोलापूर लावलं, वैशाखातली दुपार लावली, आणि पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा सरळ माझ्या ओट्यावर येऊन पडला. न उगवलेल्या उन्हाळ्यातलं ऊन, न बांधलेल्या खिडकीतून! मी खुर्चीत बसल्या बसल्या घामाघूम झाले आणि ती खिडकी तिथल्या तिथं बुजवून टाकली. लोक देवळात जाऊन हात जोडतात तसे मी त्या दिवशी त्या यंत्राला जोडले असते, फक्त नवरा समोर बसला होता.

पण या घराची घाई माझ्या ओट्यासाठी नव्हती. ती माझ्या वडिलांसाठी होती.

आम्ही विणकरांच्या घरातले, घरात तेलुगू बोलणारे. वडिलांना मी नायना म्हणते. नायनांनी जन्मभर चादरींची नक्षी काढली. ग्राफच्या कागदावर पेन्सिलीनं एकेक चौकट भरायची, एक चौकट म्हणजे एक धागा. मोर, कमळ, कोयऱ्या, सगळं चौकटीतून. पुढं कारखान्यात ते काम कॉम्प्युटरवर गेलं आणि नायना घरी आले. आई गेल्यापासून ते विणकर वस्तीतल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत एकटेच राहतात. जिना लोखंडी आणि उभा, गुडघे दुखरे. उन्हाळ्यात ते त्या जिन्यावरून पडले. शेजाऱ्यांनी उचलून वर नेलं आणि मला फोन केला. मी पोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

मला भाऊ नाही. मी म्हटलं, "नायना, आता आमच्याकडं राहायला या."

ते म्हणाले, "लेकीकडं जेवायला येत्यात बिड्डा. ऱ्हायाला न्हाय."

बिड्डा म्हणजे लेकरू. इतक्या मायेनं हाक मारून इतकं ठाम नाही म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लेकीच्या घरात बाप राहत नाही, हे त्यांच्या पिढीत वाद घालण्यासारखं मानतच नाहीत. रविवारी दुपारी ते आमच्या भाड्याच्या घरी जेवायला यायचे आणि दिवेलागणीच्या आत काठी घेऊन निघायचे. मी रागावले, रडले, अबोला धरला. काही उपयोग झाला नाही. मग नकाशात त्यांच्यासाठी एक खोली काढली आणि तिच्यावर 'पाहुणे' असं लिहून ठेवलं, म्हणजे विषय निघणार नाही. पण जिन्याची भीती काही माझ्या मनातून जाईना. दुसऱ्यांदा पडले आणि कुणाला ऐकूच गेलं नाही, तर?

अशाच एका रविवारी जेवण झाल्यावर मी लॅपटॉप उघडून बसले होते. नायना मागं येऊन उभे राहिले. ज्या यंत्रानं आपलं काम नेलं त्याच्याकडं ते एरवी बघतही नसत. पण पडद्यावर घराच्या खाली सगळीकडं बारीक चौकटी होत्या.

"हे तर आमचं ग्राफ हाय की!" नायना म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसलेच.

त्यांना माऊस धरायला शिकवायला अर्धा तास गेला. भिंत कशी ओढायची, दार-खिडकी कुठून घ्यायची, एवढं दाखवलं. मला आणि नवऱ्याला प्लॉटवर बोअरवाल्याला भेटायला जायचं होतं. मी म्हटलं, "नायना, आम्ही येईपर्यंत तुम्हीच काढा एक घर." यात माझा थोडा कावा होता. स्वतः घर काढायला बसले तर स्वतःपुरती एक खोली काढतील, अशी आशा होती.

आम्ही परतलो तर नायना हाताची घडी घालून ऐटीत बसले होते. मी पडद्याकडं पाहिलं. एक खोली, ओटा, न्हाणी, खिडकी, एक दार. सगळं डाव्या बाजूला, भिंती चौकटींवर अगदी नेमक्या बसलेल्या. पण पुढची भिंत मध्यावर येऊन थांबली होती, मागचीही. उजव्या अंगाला काहीच नव्हतं, घर सताड उघडं.

"दमलात का? उरलेलं मी काढते."

"उरलंय कुटं? झालं की."

"नायना, हे अर्धंच घर आहे."

"अर्धंच काढायचं असतंय," ते मला समजावत म्हणाले. "बाकीचं यंत्र उलटून घेतंय."

मला कळायला जरा वेळ लागला. चादरीची नक्षी मधल्या रेषेपासून दोन्हीकडं सारखी असते, म्हणून कागदावर काढायची ती अर्धीच. उरलेली अर्धी मागावर बांधलेल्या दोऱ्या आपोआप उलटून उमटवतात. जन्मभर या माणसानं अर्धा मोर काढला आणि पुरा मोर उमटलेला बघितला. घर तरी पुरं कशाला काढायचं? नवरा खो खो हसत सुटला, मीही हसले. नायना थोडे ओशाळले, मग तेही हसायला लागले.

"थांबा," मी म्हटलं, "बघू तरी उलटतं का."

सगळं निवडलं, त्याची नक्कल केली आणि उलटं करायचं बटण दाबलं. पडदा क्षणभर अडकला आणि उजव्या बाजूला उरलेलं अर्धं घर उमटलं. भिंतीला भिंत चपखल भिडली. मग मी भिंती उभ्या केल्या.

नायनांनी टाळीच वाजवली. "बग! म्हनलं न्हवतं?"

"मामा, पण एका घरात दोन ओटे, दोन दारं," नवरा म्हणाला. "दोन जावांची वाटणी झाल्यासारखं दिसतंय."

तो पुन्हा हसला, पण मला हसू येईना. मी त्या दोन दारांकडं बघत राहिले. इतके महिने मी 'पाहुणे' लिहिलेल्या खोलीशी झुंजत होते, ती कधी इकडं सरकव, कधी तिकडं, आणि दार एकच ठेवत होते. माझं दार. त्यातून ते येणार नव्हते. आणि इथं त्यांच्याच हातून, त्यांच्याही नकळत, दुसरं दार होऊन बसलं होतं. आश्चर्य म्हणतात ते काय असतं हे मला त्या क्षणी कळलं.

"नायना," मी म्हटलं, "हे उजवीकडचं दार माझं. आणि डावीकडचं तुमचं."

"म्हंजे?"

"म्हणजे तुमचा ओटा, तुमची न्हाणी, तुमचं दार. लेकीच्या घरात नाही राहायचं. लेकीच्या शेजारी राहायचं."

नायनांचं हसू मावळलं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, काठी घेतली आणि निघाले. त्या दिवशी दिवेलागणीला बराच वेळ होता. मला वाटलं, घाई करून मीच सगळं घालवलं.

तरीही आठवडाभर मी तेच घर काढत होते. दोन सारखी घरं मावतील एवढा प्लॉट नव्हता, म्हणून त्यांची बाजू लहान केली: एक खोली, एक छोटा ओटा, बसून अंघोळ करता येईल अशी न्हाणी, पायरी नसलेलं दार. एक भिंत सरकवावी तर आख्खं घर तिच्यामागं चालायला लागे. जी भिंत हलायला नको तिला आधी कुलूप लावून ठेवावं, हे शहाणपण त्या आठवड्यातलं. दोन्ही घरांमधल्या भिंतीत दार काढलं, पुसलं, परत काढलं. दार ठेवलं तर ते पुन्हा माझंच घर होणार, न ठेवलं तर नायना पडल्यावर मी आत जाणार कशी? शेवटी दार ठेवलं आणि त्याची कडी त्यांच्या बाजूला धरली. रात्री निजताना ती कडी काढून ठेवतील की नाही, हे मात्र त्यांच्यावर सोडलं.

रविवारी नायना आले. जेवले. आमटीला मीठ कमी आहे म्हणाले. घराचा विषय काढला नाही, मीही नाही. मी ताटं उचलायला लागले तेव्हा त्यांनी धोतराच्या टोकानं चष्मा पुसला.

"लाव की ते," ते म्हणाले.

पडद्यावर मी त्यांच्या दारासमोर त्यांना उभं केलं आणि बाणाच्या कळा त्यांच्या हाताखाली दिल्या. त्या सॉफ्टवेअरमध्ये माणूस भुतासारखा भिंतीतूनही जातो. मी तर सारखी भिंतीतूनच जायची. नायना नाही गेले. उंबऱ्यापाशी थांबले, दाराच्या अगदी मधोमध आले आणि मग आत शिरले. ओट्यापाशी थांबले. न्हाणीत डोकावले. मधल्या भिंतीतल्या दारापाशी आले.

"कडी कुनाकडं?"

"तुमच्याकडं."

ते पुढं झाले. उत्तरेच्या खिडकीपाशी गेले आणि तिथंच थांबले. बाहेर सॉफ्टवेअरनं आपल्या मनानं अंथरलेलं हिरवंगार गवत होतं, सोलापुरात कधी कुणी पाहिलं नसेल असं. किती तरी वेळ कळ दाबली गेली नाही. नवरा दारात उभा होता. मी पडद्याकडं बघायचं सोडून त्यांच्याच तोंडाकडं बघत होते. पुन्हा चष्मा काढतील आणि काठी मागतील, असं वाटत होतं.

"खिडकी लई वर झाली," नायना म्हणाले. "हितं बसल्यावर भायेरचं काय दिसायचं न्हाय."

मी कसंबसं विचारलं, "किती खाली घेऊ?"

नायनांनी खुर्ची मागं सरकवली. पाठ ताठ करून नीट बसले आणि छातीपाशी हवेत हाताची आडवी रेघ धरली.

"एवडी."

मी टेप आणली आणि फरशीपासून त्यांच्या हातापर्यंत मोजलं.