सहस्रकुंडचं मॉस आणि चोरओटी

चाचणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो लॅबमधला फ्रीजर. हसू नका. नवरा लातूरला नोकरीला, मी नांदेडला भाड्याच्या खोलीत राहून पीएचडी करत होते, आणि त्या फ्रीजरमध्ये माझी सगळी कमाई पडून होती: इस्लापूरजवळ सहस्रकुंडच्या काळ्या खडकांवरून खरवडून आणलेलं मॉस. लोक त्याला शेवाळ म्हणतात. मीही लग्न जमताना शेवाळच सांगितलं होतं, तर पाहुण्यांतल्या एका काकूंनी विचारलं होतं, "ते घासून काढायचं की शिकायचं?"

मी शिकत होते ते मॉसमधल्या फार छोट्या आरएनएबद्दल. जनुकाकडून निघालेला निरोप पेशीने वाचायच्या आत तो गप्प करायचा, एवढंच या तुकड्यांचं काम. घरात पाहुणे बसलेले असताना सासू नुसती नजर टाकते आणि सून अर्धं वाक्य गिळते, तसं. त्यातला एक तुकडा माझा लाडका होता. जेमतेम वीस-एकवीस अक्षरांचा, पण मॉस आणि फुलझाडांच्या वाटा वेगळ्या होऊन कोट्यवधी वर्षं झाली तरी दोघांकडे तो जवळजवळ तसाच आहे. आमच्या शेतातल्या तुरीतही आहे. गंमत पुढेच आहे. मॉसमध्ये आधी नुसते हिरवे धागे पसरतात आणि मग त्यांवर पानांचा कोंभ धरतो. तिथे हा तुकडा कोंभ धरायला लावतो. फुलझाडांत तोच रोपाला लहान ठेवतो, फुलायची घाई करू देत नाही. गप्प करायची रीत तीच, पण एकाकडे तिचं फळ एक आणि दुसऱ्याकडे भलतंच. हे असं का झालं, यावर माझा सगळा प्रबंध उभा होता.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या शिरूर अनंतपाळकडच्या खेड्यात राहतात. फोनवर बातमी सांगितली, तर आधी त्यांनी दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "कुनाला बोलू नको. लेकरू तिसऱ्यात जाऊ दे, मी येते, चोरओटी भरते. तवर तोंड उघडायचं न्हाई."

चोरओटी म्हणजे तिसऱ्या महिन्यात घरातल्या घरात, दार लावून भरलेली ओटी. ती भरेपर्यंत बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही. एरवी मी यावर आत्यांशी वाद घातला असता. पण मागच्या खेपेला आम्ही कळल्याबरोबर विभागात पेढे वाटले होते आणि पुढच्या महिन्यात त्याच माणसांनी "होतं असं" म्हणत मला धीर दिला होता. पेढ्यांचा आणि त्या जाण्याचा काही संबंध नाही, हे मला कळत होतं. तरी मी आत्यांना हो म्हटलं आणि गप्प राहिले.

अडचण अशी की मॉसमधून आरएनए काढायचा तर फिनॉलचं द्रावण लागतं. दिसायला गुलाबी, सरबतासारखं. कातडीवर पडलं की भाजतं, आणि वास नाकात शिरला की संध्याकाळपर्यंत जात नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्यांनी मागचा इतिहास वाचला आणि म्हणाल्या, "त्या बाटलीच्या वाऱ्यालाही उभं राहू नका." आता न सांगता लांब कसं राहायचं? पीएचडीच्या शेवटच्या वर्षाची मुलगी एकाएकी बाटलीला हात लावेनाशी झाली, तर आमच्या विभागातल्या बायकांना कारण कळायला चहा संपायचीही गरज नव्हती. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी मैत्रीण जिवाभावाची, पण तिला सांगणं म्हणजे नोटीस बोर्डावर लावणं.

म्हणून मी सबबी सांगायला लागले. पाठ धरली, गावाकडे कार्यक्रम आहे, पिपेट बिघडलंय. माझे मार्गदर्शक सर स्वभावाने चांगले, देगलूरकडचे, पण त्यांचाही धीर सुटत चालला. "मॅडम, काय करायलात तुम्ही? मॉसला काय मुहूर्त लागतो का?" मी हसायचे. हसताना हात आपोआप पोटाकडे जायचा आणि मी तो ॲप्रनच्या खिशात कोंबायचे.

त्या दिवसांत मी कशालाही भीत होते. दुसऱ्या कुणी बाटली उघडली की मी श्वास रोखून बाहेर पळायचे आणि फोन आल्याचं नाटक करायचे. संडासात जाताना भ्यायचे, खाली बघायला भ्यायचे. आरएनए काढताना आम्ही आधीच सोवळ्यात असल्यासारखे वागतो. आपल्या बोटांवर जे असतं त्यानेच तो तुटतो, म्हणून उघड्या हाताने काहीही शिवायचं नाही, नळीवर तोंड नेऊन बोलायचं नाही. आता मला वाटायला लागलं की माझ्या आतही तसलंच काहीतरी आहे, एका शब्दाने तुटेल असं.

मग एप्रिलमध्ये एका सकाळी लाइट गेली ती आलीच नाही. जनरेटर चालू होईना. दुपारी फ्रीजरचा बॅटरीवरचा भोंगा ओरडायला लागला. बाहेर नांदेडचं ऊन, आत उणे ऐंशीवरून वर चढणारा आकडा आणि सगळा विभाग माझ्याभोवती. सरांनी गुलाबी बाटली कपाटातून काढून माझ्यापुढे धरली. "आत्ताच्या आत्ता द्रावणात टाका. एकदा द्रावणात गेलं की वाचलं. तुमचा हात बसलाय, तुम्हीच करा."

वाफा ओढून घेणारा पंखा लाइटवर चालायचा, म्हणजे तोही बंद. मी हातमोजे घातले. खरंच घातले. मला अजून आठवतं, उजव्या हाताचा मोजा घामाने चढेना आणि मी तो ओढत राहिले. मनात हिशेब चालू होता की मास्क दोन लावले तर, खिडकीत उभं राहिलं तर, श्वास रोखला तर. एवढ्या वर्षांचं काम डोळ्यांदेखत वितळत होतं, आणि ते वाचवायला मी माझ्या लेकराला फिनॉलच्या वासात उभं करायला निघाले होते, का, तर कुणाला कळू नये म्हणून.

सरांनी झाकण फिरवलं. मी म्हणाले, "सर, मी नाही करणार."

"का?"

फ्रीजर ओरडतच होता. "मला दिवस गेलेत."

सरांनी झाकण परत घट्ट लावलं. "आधी बाहेर जाऊन बसा," ते म्हणाले, आणि कित्येक वर्षांनी स्वतः हातमोजे घालायला लागले. मैत्रिणीने माझं पिपेट उचललं. त्या दोघांनी निम्मे नमुने वाचवले. उरलेले गेले.

मी व्हरांड्यात बसले आणि मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. सांगितलं. आता जाणार. एवढंच डोक्यात होतं. संध्याकाळी ओटीपोटात कळ आली, तेव्हा मी रिक्षात आत्यांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. त्या फक्त म्हणाल्या, "येते." डॉक्टरीणबाईंनी मशीनवर ठोके ऐकवले. मी त्यांना पुन्हा ऐकवायला लावले.

दुसऱ्या दिवशी आत्या एसटीने आल्या. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. त्या पाणी प्यायल्या, पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढून ताटात ठेवले आणि ताटाकडे बघतच बोलल्या.

"माझं पहिलं असंच गेलं. आडावर समद्या बायका उभ्या. घागर न्हाई उचलली तर इचारतील, का गं? सासूनं सांगितलेलं, कळू द्यायचं न्हाई. उचलली. वाटंतच पोटात कळ आली."

मला राग आला, आणि मी तो लपवला नाही. "मग मला कशाला गप्प बसवलंत, आत्या?"

"तुझ्या नवऱ्याच्या टायमाला बी गप्पच व्हते. तवा राहिला की." त्यांनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. "काय धरावं, काय सोडावं, भ्याच वाटतंय गं. लई वाटतंय."

लेक होईपर्यंतचे सगळे महिने मी भीतच काढले, आणि आत्याही. पण त्या दुपारी मी पाटावर बसण्याआधी सवयीने दार लावायला उठले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे उघडं." जिन्यावरून घरमालकीणबाई चालल्या होत्या, त्यांनाच हाक मारली, "या की, हिला कुंकू लावा." मग आत्या माझ्यापुढे बसल्या आणि तांदळाची ओंजळ उचलली. त्यांची नजर उघड्या दाराकडेच होती, पदरात थोडेच तांदूळ पडले, बाकीचे उंबऱ्यापर्यंत सांडले.