कोपऱ्यातला सातवा ट्रक

तो ट्रक अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तेव्हाही तो हलत नव्हता, आणि सगळा घोळ त्यामुळेच झाला. गेल्या आठवड्यात, तो जिथे उभा होता त्या गोदामाच्या बाई वारल्या. त्यांच्या जलदानविधीहून परत आल्यापासून रोज थोडं थोडं लिहितो आहे. नावं कुणाचीच देत नाही.

गोंदियाजवळच्या एका गोदामात तांदूळ साठवला जाई. गिरण्यांमधून ट्रक येत, दोन-दोन दिवस रांगेत उभे राहत, नंबर लागला की हमाल पोती उतरवत. माल मिळाल्याची जी चिठ्ठी चालकाला देतात, तिला तिथे ‘पोच’ म्हणतात. गोदामपाल म्हणजे या बाई. कुडव्याहून स्कुटीने यायच्या, वय पंचेचाळिशीचं, बोलणं मोजकं.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी ठाणे अंमलदाराने निनावी फोन जोडून दिला. “साहब, गोदाम की मॅडम ने एक गाडी माल बालाघाट में बेच दिया. मोजणी करून घ्या.” नाव विचारलं, तर म्हणाला, “हितचिंतक.” नोकरीत मला भेटलेल्या हितचिंतकांपैकी एकानेही कुणाचं हित केलेलं मला आठवत नाही. तरी मोजणी करायला लावली. एक ट्रकभर तांदूळ खरोखरच कमी भरला. गोदाम चालवणाऱ्या कंपनीने तक्रार दिली, गुन्हा दाखल झाला.

महिलेला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नाही, असा नियम. म्हणून महिला शिपाई बरोबर घेऊन मी गोदामाच्या ऑफिसातच बसू लागलो. माझी खुर्ची खिडकीजवळ होती. खिडकीतून आवार दिसे.

पहिल्याच दिवशी बाईंनी सांगून टाकलं, “साहेब, मी त्या आठवड्यात अकरा जणांना माल उतरायच्या आधीच पोच दिली.”

“उतरायच्या आधी? का?”

“सगळेच देतात. माणसं दोन दिवस रांगेत असतात. कुणाच्या घरी आजारपण, कुणाकडे लग्न. गाडी तर दारातच उभी असते, पळून कुठं जाणार, असं वाटतं.”

“त्यातली कोणती उतरली नाही?”

“ते आठवलं असतं तर तुम्हाला इथं यावंच लागलं नसतं.”

मला राग आला. खरं बोलणारा माणूस आरोपी असला की पोलिसाला फार राग येतो, कारण त्याच्याशी करायचं काय, हे आम्हाला शिकवलेलं नसतं.

मग सुरू झाला तीन दिवसांचा वैताग. अकरा वाहतूकदारांना बोलावलं. अकराही जणांनी पोच टेबलावर ठेवली. “साहब, ये देखो, माल पहुंच गया.” कंपनीच्या नागपूरच्या व्यवस्थापकाला फोन केला. तो म्हणाला, “पोच सिस्टमला चढली आहे. आमच्याकडून विषय संपला.” मी विचारलं, “मग तांदूळ कुठे आहे?” तो म्हणाला, “सिस्टमप्रमाणे गोदामात.” गेटवरच्या माणसाला विचारलं. त्याने यादी पुढे केली. “साब, सब खाली दिखा रहा है.”

प्रत्येकाकडे कागद होता आणि प्रत्येक कागद बरोबर होता. नाकाबंदीची नोंद तपासली, बालाघाटच्या ठाण्याला बिनतारी संदेश गेले, दोन पथकं धान व्यापाऱ्यांच्या दारात जाऊन आली. मी स्वतः खिडकीजवळ बसून तेच प्रश्न विचारत होतो आणि बाई तीच उत्तरं देत होत्या. दुपारी त्या डबा उघडत आणि माझ्या शिपायाला भाकरी देत.

तिसऱ्या दिवशी वरून फोन आला. “अजून किती बसणार? उद्या अटक दाखवा.”

अटक झाली असती तर बाईंची नोकरी जाणारच होती. पण प्रश्न एका नोकरीचा नव्हता. या धंद्यात चोरीचा डाग लागलेल्या गोदामपालाला दुसरं गोदाम मिळत नाही. बाईंनी हमालांची हजेरी लिहिण्यापासून सुरुवात केली होती, आणि त्या खुर्चीपर्यंत यायला त्यांना वीस वर्षं लागली होती. हे त्यांनी मला सांगितलं नाही. महिला शिपायाला सांगितलं, भाकरी वाढताना.

चौथ्या दिवशी अटकेचा पंचनामा तयार केला. नातेवाइकांना कळवलं. बाईंनी डबा पिशवीत ठेवला, कपाटाच्या चाव्या टेबलावर मांडल्या आणि कोणती कशाची ते मला सांगू लागल्या. तेवढ्यात दारात हमालांचा मुकादम उभा राहिला. पन्नाशीचा, खांद्यावर दुपट्टा.

“मॅडम, जाताजाता तेवढं सांगून जा. ते कोपऱ्यातली गाडी उतरवाची का नाही?”

बाईंनी वर पाहिलं. “कोणती गाडी?”

“तेच, खाली गाड्याइच्या लायनीतली. आठ दिवस झाले. वजनानं पाटे बसून राहिले तिचे.”

मी म्हणालो, “ती रिकामी आहे.”

मुकादमाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी आम्ही खोट्या साक्षीदाराकडे टाकतो. “साहेब, खाली गाडीले ताडपत्री कोन बांधते?”

मी खिडकीतून पाहिलं. सात ट्रक. सहांचे हौदे उघडे. सातव्यावर ताडपत्री करकचून आवळलेली, मागची चाकं ओझ्याने दबलेली. तीन दिवस मी त्याच्याकडे तोंड करून चहा पीत होतो.

“मग सांगितलं का नाही?” मी ओरडलो.

“इचारलं कोनं? तुम्ही तं मॅडमलेच इचारून राहिले. आन् मले वाटलं, पोलिसाइनंच अडवून ठेवली असन.”

ताडपत्री सोडली. तांदूळ होता, एकही पोतं कमी नव्हतं.

चालक दोन दिवसांनी सापडला. सासऱ्याच्या तेरवीला गेला होता, फोनला रेंज नव्हती; गाडी त्याच्याबरोबरच आहे, असं मालक समजून होता. पोच हातात पडल्यावर त्याने ती मालकाकडे धाडली आणि किल्ली रांगेतल्या दुसऱ्या चालकाला दिली होती. “नंबर आला का लावून दे,” म्हणाला होता. त्या दुसऱ्याने स्वतःचा माल उतरवला, किल्ली गेटवर टाकली आणि निघून गेला. गेटवरच्या माणसाने यादी पाहिली. यादीत गाडी उतरलेली होती, म्हणून त्याने ती रिकाम्या गाड्यांच्या ओळीत लावली. भरलेला ट्रक त्याने स्वतः चालवत नेला, आणि तरीही त्याला तो रिकामाच वाटला. चिडून विचारलं, तर म्हणाला, “साब, भारी तो लग रही थी.”

हितचिंतकही सापडला. बाईंनी एकदा आधी पोच द्यायला नकार दिलेला एक वाहतूकदार. एक गाडी पोच होऊनही उतरली नाही, हे त्याने रांगेत ऐकलं होतं; बालाघाट त्याने उगाच जोडलं होतं.

ताडपत्री सोडली त्याच संध्याकाळी अटकेचा कागद मी फाडला. बाईंनी चाव्या परत उचलल्या. मग शांतपणे विचारलं, “साहेब, आवाराचा पंचनामा तुम्हीच केला होता ना?”

केला होता. पहिल्याच दिवशी. त्यात लिहिलं होतं, ‘आवारात सात रिकामे ट्रक उभे आढळले.’ हवालदाराने गेटच्या यादीवरून उतरवून काढलं, दोन पंचांनी खाली सह्या केल्या, आणि मी.

“मी न पाहता सही केली म्हणून मला अटक होती,” त्या म्हणाल्या. मी पुरवणी पंचनामा केला, या वेळी प्रत्येक चाकाजवळ वाकून.

निवृत्तीनंतर आम्ही शहरातल्या वाचनालयात भेटू लागलो. दोघांनाही जाड पुस्तकं आवडत. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींशी बोलायला बाईंना कॉलेजात बोलावत. मी एकदा विचारलं, काय सांगता त्यांना? “ते विचारतात, कोणता कोर्स करू, कोणतं सॉफ्टवेअर शिकू. मी सांगते, ते सगळं शिका. पण रोज सकाळी खुर्चीत बसायच्या आधी आवारात एक चक्कर मारा, आणि हमालाशी बोला. माल कुठं आहे हे त्याच्या खांद्याला माहीत असतं.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “पोलिसांना कुणी बोलावत नाही का असं सांगायला?”

नाही बोलावत. बोलावलं असतं तर मी तेच सांगितलं असतं. चोर शोधायला मी अर्धा जिल्हा पालथा घातला, कारण चोरी झालीच असं कागदावर लिहिलेलं होतं. चार पावलं चालून ताडपत्रीवर हात ठेवला असता तर एका बाईचे चार दिवस वाचले असते. त्या चार दिवसांबद्दल त्यांनी मला कधी बोल लावला नाही. तो आता लावायलाही त्या नाहीत.

जलदानाच्या दिवशी कुडव्याला त्यांच्या दारात मंडप होता. खुर्च्यांचा टेम्पो आला. फाटकाशी मीच उभा होतो, म्हणून चालकाने चिठ्ठी माझ्यापुढे धरली. “अंकल, जल्दी साइन कर दो, दुसरी जगह भी जाना है.” मी खिशातून पेन काढला.

मंडपातून मुकादमाचा आवाज आला. आता पुरता म्हातारा झाला आहे. “साहेब, खुर्च्या कुठी हायेत?”

आजूबाजूची गोदामातली माणसं माझ्याकडे बघत होती. मी पेन खिशात ठेवला, टेम्पोच्या मागे गेलो आणि चालकाला म्हणालो, “ताडपत्री सोड.”